उलटं यायचं राहिलं

फलाटावर कुणी वाटेत आडवं झोपलेलं दिसलं, की मुकादम थांबायचे. डोक्यावरची टोपी सारखी करायचे, झोपलेल्याचं डोकं कुठल्या बाजूला आणि पाय कुठल्या बाजूला ते नीट बघून घ्यायचे, आणि मग त्याच्या पायांकडून लांबचा वळसा घालून पुढं जायचे.

"वाईच दमा, बाबू," ते मला म्हणायचे, "माणूस हाय वाटंत."

दौंड जंक्शन तुम्ही पाहिलं असेल, तर यात किती वेळ जात असेल ते तुम्हाला सांगायला नको. मनमाडकडं जाणारी गाडी धरायला आलेली माणसं दुपारभर तिथं पसरलेली असायची. मी पार्सल ऑफिसातून निघून चहाच्या गाड्यापाशी पोचायचो, तोवर मुकादम जेमतेम वजनकाट्यापर्यंत आलेले असायचे. आणि मी काही चपळ माणूस नव्हे. माझ्या चालीला आमच्या घरी मालगाडी म्हणतात, तेही भरलेली.

झोपलेल्या माणसाला ओलांडू नये, ओलांडलंच तर गेल्या वाटेनं उलटं यावं, नाहीतर त्याची वाढ खुंटते, हे आपल्याकडं लहानपणीच सगळ्यांना शिकवलेलं असतं. मी पाच फुटांवर थांबलो तो माझ्या थोरल्या बहिणीनं ओलांडल्यामुळं, असं माझी आई शेवटपर्यंत सांगायची. मग रुंदीकडची वाढ का थांबली नाही, एवढं मात्र तिला सांगता यायचं नाही. तर असं हे शिकलेलं आपण मोठेपणी विसरून जातो. मुकादम विसरले नव्हते. त्यांना विसरता येत नव्हतं, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

ते मूळचे मांडवगण फराट्याचे. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगचे मुकादम, म्हणून सगळे त्यांना मुकादमच म्हणायचे. मी शिरूरचा. आठवडाभर दौंडला खोली करून राहायचं आणि रविवारी न्हावऱ्याच्या रस्त्यानं एस.टी.त आदळत घर गाठायचं, असं माझं चाललेलं होतं. सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत रुळांच्या कामासाठी इकडची काही माणसं इराकला निवडली गेली, त्यात मुकादम होते. कामाशिवाय पुण्यालाही न जाणारा हा माणूस विमानात बसला. सगळ्यांना वाटलं होतं, येताना टेपरेकॉर्डर आणतील. मी स्वतः एका घड्याळाबद्दल सुचवून ठेवलं होतं.

त्यांनी आणली ती एक चौकड्यांची, विटलेली चादर.

पण चादरीच्या आधी म्हातारा सांगायला हवा. मुकादमही तसंच सांगायचे. आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात गँग जेवायला बसली, की कुणीतरी म्हणायचंच, मुकादम, म्हाताऱ्याचं सांगा. मग ते भाकरी कडेला ठेवून सुरू व्हायचे.

तिथं वाळवंटात साहित्याचं यार्ड होतं आणि त्याला एक म्हातारा राखणदार होता. पहिल्याच सकाळी मुकादमांनी वडीलधारा माणूस बघून पायाला हात लावायला वाकायचं ठरवलं, आणि त्याच वेळी म्हाताऱ्यानं त्यांच्या रीतीप्रमाणं गालाला गाल लावायला मान पुढं केली. दोघांची डोकी अशी आपटली की म्हातारा खालीच बसला. आमच्या माणसानं आल्या आल्या राखणदाराला टक्कर मारली, अशी बोंब छावणीभर झाली. पुढं दोघांनी आपापसांत तोडगा काढला. सकाळी भेटले की आधी दोघंही आपापलं कपाळ हातानं झाकून घ्यायचे, आणि मग मनासारखं हसायचे.

मग कॉफी. बिनकानाची इवलीशी कपली, तिच्यात घोटभर कडू कॉफी. संपली की म्हातारा पुन्हा ओतायचा. मांडवगणचा माणूस, समोरचा प्रेमानं ओततोय तर नको कसं म्हणणार? मुकादम पीत राहिले, म्हातारा ओतत राहिला. म्हाताऱ्याला वाटलं, यांच्या मुलखात फार दुष्काळ असावा. मुकादमांना वाटलं, यांच्यात पाहुण्याला असंच मारत असावेत. शेवटी एका पंजाबी फिटरला दया आली. त्यानं सांगितलं, पुरे झालं की कपली नुसती हातात हलवायची. "डोकं गरगरतंय, छाती धडधडतीया, आन् सुटकेला नुसती कपली हलवायची व्हती," असं म्हणून मुकादम हातातला जर्मनचा पेला हलवून दाखवायचे आणि गँग ठसका लागेपर्यंत हसायची.

आता खरी गोष्ट. दुपारी म्हातारा वॅगनच्या सावलीत, अगदी पायवाटेवर, चादर तोंडावर ओढून झोपायचा. एकदा मुकादम खांद्यावर पहार घेऊन घाईनं चालले होते. सावलीत दिसलं नाही आणि पाय म्हाताऱ्याच्या अंगावरून पलीकडं पडला. पडल्या पडल्या लक्षात आलं. बिचारे लगेच उलटं यायला वळले. एक पाय उचलून अलीकडं टाकला, दुसरा अजून पलीकडंच, आणि तेवढ्यात म्हाताऱ्यानं तोंडावरची चादर काढली. त्याला काय दिसलं असेल ते तुम्हीच बघा. एक काळासावळा परदेशी माणूस आपल्या छातीवर फेंगडा उभा, आणि हातात लोखंडी पहार.

म्हातारा ओरडला. सगळं यार्ड धावून आलं. मुकादम मराठीत सांगतायत, आजोबा, तुमच्या भल्यासाठीच उभा हाय. ते कुणाला कळणार? दोन दिवस आमच्या गँगच्या पोरांनी त्यांना छळलं. मुकादम, आज कुणाच्या छातीवर उभं राहायचं, असं विचारायची. पण म्हातारा मोठा खोडकर. त्याला सगळं कळलं असं नाही, पण या माणसाला एकदा तिकडं गेल्यावर एकदा इकडं यावंच लागतं, एवढं त्यानं ताडलं. मग तो मुद्दामच वाटेत पाय पसरून बसायचा. मुकादम आले की हातानं खूण करायचा, जा. ते गेले की पुन्हा खूण, या. आणि दात नसलेल्या तोंडानं हसायचा.

इथं गँग हसायची आणि मुकादम भाकरी पुन्हा हातात घ्यायचे. गोष्ट संपली असं सगळ्यांनाच वाटायचं. मलाही कित्येक महिने तसंच वाटत होतं.

एका दुपारी व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. गँग पुढं गेली होती. समोर फलाटावर एक जवान ट्रंकेला डोकं लावून आडवा झोपला होता. मी चहाला निघालो, सवयीनं त्याच्या पायांवरून पलीकडं गेलो, तर मुकादमांनी मागून हाक मारली. तोंडावर हसू नव्हतं.

"बाबू, उलटे या."

मी म्हटलं, जाऊ द्या हो, येताना येतो.

हे ऐकून ते असे उठले, जणू मी रुळांवर उडी मारायला निघालो होतो. धावत आले, माझा दंड धरला आणि मला मागं ओढलं. माझ्या आकाराचा माणूस पाठमोरा कुणाला ओलांडून येऊ लागला म्हणजे काय होतं ते विचारू नका. विजार नको तिथं उसवली. जवान जागा झाला आणि डोळे चोळत बघतच राहिला. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी मुकादमांवर चिडलोच. तेव्हा ते हळूच म्हणाले,

"मीबी असंच म्हटलं व्हतं. येताना येतो."

मग त्यांनी गोष्टीचा उरलेला भाग सांगितला.

उन्हाच्या दिवसांत यार्डाच्या टोकाला एक वॅगन रुळावरून उतरली. शिट्ट्या वाजायला लागल्या. मुकादम खांद्यावर जॅक घेऊन धावत निघाले. वाटेत म्हातारा नेहमीसारखा चादर ओढून पडलेला. एका बाजूला वॅगन, दुसऱ्या बाजूला रुळांखाली घालायच्या स्लीपरची रास, वळसा घालायला जागा नाही. ते ओलांडून गेले. मागं वळावंसं वाटलं, पण खांद्यावर एवढं ओझं आणि पुढून हाका. मनात म्हटलं, येताना उलटा येईन. म्हाताऱ्यानं त्या दिवशी खूण केली नाही. हसलाही नाही. झोपला असेल, असं ते धरून चालले.

काम आटोपून परत आले, तर वाटेवर नुसती चादर होती. म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून नेलं, एवढं कळलं. कुठं, ते नीट कळलं नाही. कुणी म्हणे शहरातल्या दवाखान्यात, कुणी म्हणे लेकीच्या गावाला. मुकादमांनी चादर उचलून झटकली, घडी घातली. म्हातारा आला की द्यायची म्हणून जपून ठेवली.

म्हातारा आला नाही. मुकादम तिथल्या मोठ्या साहेबाकडं गेले. आपल्याला त्या दवाखान्यात नेऊन सोडा, एकदा म्हाताऱ्यावरून उलटं येऊ द्या, एवढंच मागणं होतं. पण हे सांगायचं कसं? भाषा येत नाही, फिटर सुटीवर गेलेला. मग त्यांनी बरोबरच्या गँगमनला साहेबाच्या गालिच्यावर आडवं झोपवलं आणि त्याला ओलांडून दाखवलं. तिकडं गेले, इकडं आले. पुन्हा तिकडं, इकडं. साहेब खुर्ची सोडून उभा राहिला. बराच वेळ निरखून बघितलं, मान डोलावली, मुकादमांच्या पाठीवर थाप मारली. मुकादमांना वाटलं, समजलं.

दुसऱ्या दिवशी यार्डात एक नवी लोखंडी खाट आली. राखणदार जमिनीवर झोपतात, माणसं त्यांना अडखळतात, आणि हा हिंदुस्थानी मुकादम त्यांच्यासाठी भांडायला आला होता, असं साहेबाला समजलं होतं. खाट वॅगनच्या सावलीत ठेवली गेली. नवा राखणदार तरुण होता, तो दुपारचा झोपायचा नाही. ऊन असं, की सावलीचा तुकडा दिसला तरी माणसं भांडायची. पण त्या खाटेवर कुणी बसलं नाही. काम संपेपर्यंत ती रिकामी राहिली, आणि मुकादम रोज तिला पायांकडून वळसा घालून जात राहिले.

"लई दूर ऱ्हायला त्यो, बाबू," ते म्हणाले. "आन् मी वलांडून हिकडं निघून आलो. तवापास्नं त्यो वाटंतच पडलाय."

 म्हातारा आधीच आजारी असेल, उन्हानं असेल, तुमच्या ओलांडण्यानं काय होतंय, असं शहाण्यासारखं सगळं बोलून घेतलं. ते ऐकून घेत होते, रेल्वेच्या साहेबांचं ऐकून घ्यायचे तसं. शेवटी म्हणाले, खरं असंल तुमचं. आणि उसवलेल्या विजारीवर बांधायला त्यांनी मला आपला पंचा दिला.

त्यानंतर गँगनं फर्माईश केली तरी मुकादम कॉफीपाशीच थांबायला लागले.

पुन्हा तिकडं जायची त्यांनी खटपट केली. अर्ज मीच लिहून दिला. पण डॉक्टरनं डोळे तपासले आणि मोतीबिंदू म्हणून नापास केलं. त्याच सुमाराला ट्रॉलीचं प्रकरण झालं. इन्स्पेक्टरसाहेब ट्रॉलीवर बसून लाइन बघायला निघाले होते, मुकादम बरोबर होते. भर दुपारी, सरळ लाइनीवर, मुकादमांनी लाल झेंडी उघडली आणि ट्रॉली थांबवली. म्हणाले, माणूस हाय वाटंत. साहेब उतरून पुढं जाऊन बघून आले. रुळांमध्ये बाभळीची सावली आडवी पडलेली होती, दुसरं काही नाही. साहेब भला माणूस. त्यानं वर काही कळवलं नाही, डोळ्यांचं कारण दाखवून मुकादमांना हलक्या कामावर आमच्या पार्सल ऑफिसात दिलं.

मी त्यांना खोदून विचारलं, की नक्की काय दिसलं. ते म्हणाले, सावलीच होती. मग टोपी सारखी करत म्हणाले, सावलीवर चादर होती.

खरं सांगतो, त्या दिवसापासून संध्याकाळी खोलीवर जाताना बाभळीच्या सावल्या मीही चुकवायला लागलो. मला मोतीबिंदू नव्हता.

त्यांच्या क्वार्टरवर मी कधीमधी सकाळी जायचो. वहिनींच्या हातचं पिठलं हे त्याचं खरं कारण. मुकादमांची चौकशी हे सांगायचं कारण. अशाच एका सकाळी दारातून पाहिलं. मुकादमांनी जमिनीवर ती चौकड्यांची चादर लांब अंथरली होती. ते भिंतीच्या बाजूला उभे होते. तिथून एक पाय उचलून चादरीच्या अलीकडं टाकला, मग दुसरा. मग खाली बघत तसेच उभे राहिले. वहिनी चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. रोजचंच असावं.

मी आत येऊन म्हटलं, झालं की हो मुकादम, आलात की उलटे. एवढ्यावर सोडा आता.

त्यांनी चादरीची घडी घातली.

"माणूस न्हाई त्यात, बाबू," ते म्हणाले. "नुस्त्या कापडावरनं येऊन काय उपेग?"

मुकादम गेले ते उन्हाळ्यात. दुपारी जेवले, दारातून वारा येतो म्हणून तिथंच आडवे झाले, ते उठलेच नाहीत. झोपले आहेत समजून वहिनी पाण्यासाठी दोनदा त्यांच्या पायांकडून वळसा घालून गेल्या आणि आल्या. तिसऱ्या वेळी त्यांना संशय आला.

रविवार होता. मी शिरूरला होतो. निरोप मिळाल्यावर मिळेल ती एस.टी. धरून दौंडला पोचलो, तोवर खोली माणसांनी भरली होती. मांडवगणचे भाऊबंद आलेले, गँग बाहेर उभी. मधोमध मुकादम. टोपी सारखी केलेली. मी दाराशी जागा करून उभा राहिलो, माझ्यामुळं आत येणारा उजेड बंद झाला म्हणून कुणीतरी मला सरकायला सांगितलं.

तेवढ्यात वहिनी उठल्या. ट्रंक उघडली आणि ती चादर काढली. झटकली. मुकादमांच्या अंगावर ती पायांपासून वर ओढत नेली आणि शेवटी तोंडावर घेतली. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या,

"भावजी, आता माणूस हाय त्यात."

मला कळलं. कळलं नाही असं दाखवायचा मी प्रयत्न केला.

"घरच्यानं वलांडू न्हाई. तुमी पल्याड जा, आन् उलटे या. तेवढंच ऱ्हायलंय त्यांचं."

खोलीत कुजबूज झाली. मांडवगणचे एक आबा म्हणाले, आवं, मेल्या माणसाला कोण वलांडतंय, हे काय भलतंच. वहिनींनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. नवऱ्याला रोज सकाळी कापडावरून उलटं येताना त्या पाठ करून ऐकत आल्या होत्या. त्या बाईपुढं मी काय शहाणपण सांगणार होतो?

मी त्यांच्या पायांकडून वळसा घालून भिंतीकडं गेलो. मुकादम घालायचे तसाच, लांबून. तिथं उभा राहिलो. खाली चादर, चादरीखाली माणूस. म्हाताऱ्याला मी कधी पाहिलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला मुकादम दिसत नव्हते. दात नसलेलं एक तोंड कापडाखाली हसू दाबून धरतंय आणि आता हात बाहेर काढून खूण करील, या, असं वाटत होतं.  मी पाय उचलला, अलीकडं टाकला. मग दुसरा. चादरीला माझा पाय लागला नाही. आयुष्यात एवढं हलक्या पावलानं मी पुन्हा कधी चाललो नाही.

वहिनींनी चादरीवरूनच मुकादमांच्या पायांना हात लावला. म्हणाल्या, "झालं बरं का. भावजी आलं उलटं." आणि मग त्या पहिल्यांदा रडल्या.

रात्री मुकादमांना अग्नी दिला, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एस.टी.नं शिरूरला निघालो. मन जरा हलकं झालं होतं. एका साध्या, चांगल्या माणसाचं अडलेलं काम आपल्या हातून झालं, तेही आपल्या या देहानं, अशा विचारात न्हावऱ्यापर्यंत आलो. तिथं गाडी थांबली. स्टँडवर बाकड्यापाशी कुणीतरी आडवं झोपलं होतं. चढणाऱ्यांच्या घाईत एकजण त्याच्यावरून चटकन गेला. आणि खिडकीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं.

म्हाताऱ्यावरून उलटं येणं झालं. पण मुकादमांना मी एकदाच ओलांडलं होतं. पलीकडून अलीकडं आलो, आणि तिथून घरी निघालो.

उतरून परत जावं असं क्षणभर वाटलं. पण आता जाऊन उपयोग नव्हता. चादरीतला माणूस राहिला नव्हता.

मी हे कुणाला सांगितलं नाही. वहिनींना तर नाहीच. आता माझंही वय झालं आहे. दुपारी घरात नातवंडं उंबऱ्याशी वाऱ्याला झोपतात, आणि मी हातात चहाचा कप घेऊन त्यांच्या पायांकडून लांबचा वळसा घालतो. आमची ही म्हणते, मालगाडी फिरून फिरून चालली. पोरं हसतात. एखादे वेळी पोरांची गर्दी असते, वळसा घालायला जागाच नसते. मग मी आहे तिथंच उभा राहतो. चहा निवून जातो. कुणी विचारलं, आजोबा, का थांबलात, तर सांगतो, माणूस आहे वाटेत.

आणि त्यांच्या पलीकडं, उन्हात, टोपी सारखी करत मुकादम थांबलेले असतात, मी उलटं येण्याची वाट बघत.